भांडी वाजली पाहिजेत

सोसायटीची लिफ्ट बंद पडली की इतरांना सेक्रेटरी आठवतो. मला व्हॉल्वकर आठवतो. लिफ्ट बंद असलेला रविवार नेमका गाठून हा गृहस्थ आपला ॲम्प घेऊन येतो. ॲम्प ही एक वस्तू नव्हे. वरची पेटी वीसेक किलोची. खालचं कॅबिनेट म्हणजे बारा-बारा इंचांचे चार स्पीकर पोटात घेतलेलं कपाट, ते छत्तीस किलोचं. त्याला धरायला दोन्ही बाजूंना खोबणी असतात, पण अशा जागी की जिन्याच्या वळणावर बोटं बरोबर भिंतीत सापडावीत. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर कपाट टेकवून व्हॉल्वकर दम खातो, कपाळ पुसतो आणि म्हणतो, "पण टोन बघ ना काय आहे!" अजून प्लगसुद्धा लागलेला नसतो.

तेवढ्यात मागून डबीकर येतो. पाठीला गिटार, खांद्याला सॅक, सॅकमध्ये जेवणाच्या डब्याएवढी एक डबी. तिच्यात, त्याच्या हिशोबाने, दोनशेच्या वर ॲम्प आहेत. "कंबर सांभाळा रे," असं म्हणत तो आमच्या अंगावरून वर जातो आणि आम्ही पोचेपर्यंत त्याचा चहा पिऊन झालेला असतो.

ही त्यांची खरी आडनावं नाहीत हे सांगायला नको. पण आता त्यांच्या बायकासुद्धा त्यांना असंच म्हणतात. पहिल्याचा ॲम्प काचेच्या व्हॉल्ववर चालतो. आमच्या आजोबांच्या रेडिओत होते तसले व्हॉल्व. बटण फिरवल्यावर बातम्या लागायला अर्धा मिनिट जायचं आणि आजोबा म्हणायचे, "तापतोय." व्हॉल्वकरही हेच म्हणतो, त्याच समाधानाने. डबीकरकडे आहे मॉडेलर. हा एक संगणकच. तारेतून आलेल्या गिटारच्या आवाजावर अशी गणितं करतो की तो अमुक साली अमुक ॲम्पमधून निघाल्यासारखा वाटावा. तापत नाही, जड नाही, आणि व्हॉल्वकरच्या मते जिवंतही नाही.

आम्ही तिघं कॉलेजपासून एकत्र वाजवतो. आज तिघांचीही पन्नाशी उलटली आहे. बँडला आजवर तीन नावं पडली आणि मोजून अकरा कार्यक्रम मिळाले, त्यातले दोन नात्यातल्या लग्नांचे. म्हणजे वाजवण्यापेक्षा वाजवावं कशातून यावरच आमचं आयुष्य जास्त गेलं. व्हॉल्वकर म्हणतो, "खरा ॲम्प श्वास घेतो." डबीकर म्हणतो, "डोळे मिट आणि फरक सांग." त्यावर व्हॉल्वकर म्हणतो, की फरक कानाला कळतच नाही, बोटांना कळतो. त्याला 'फील' म्हणतात. हा शब्द आला की चर्चा परमार्थात शिरते. ज्याला अनुभूती आली त्याला आली. बाकीच्यांनी प्रसाद घेऊन घरी जावं.

मुळात ज्या आवाजासाठी हे दोघे भांडतात तो आवाज म्हणजे एक बिघाड आहे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर ॲम्प बनवत होता तेव्हा त्याला गिटारचा आवाज मोठा पण स्वच्छ हवा होता. पोरांनी बटण शेवटपर्यंत पिळलं, व्हॉल्वला झेपेना, आवाज फाटला, आणि पोरांना तो फाटलेलाच आवडला. दूध तळाला लागलं म्हणून आई हळहळत असते आणि पोरं खरवडीवरून भांडत असतात, तसं झालं. आता जगभरचे हुशार इंजिनिअर ही खरवड गणिताने कशी पाडायची यावर डोकं खपवतायत, आणि आमचा व्हॉल्वकर म्हणतो, तिला चुलीचा वास नाही.

'अस्सल' हा त्याचा दुसरा लाडका शब्द. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रम शिकवणाऱ्या माणसाचं वाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना अमेरिकन फेंडर हवे असत आणि ते परवडत नसत. तेव्हा १९६२ साली दुकानातल्या केन ब्रान आणि डडली क्रेव्हन या दोघांनी फेंडरचा 'बासमन' समोर ठेवला आणि इंग्लंडात मिळतील ते भाग वापरून तसाच ॲम्प बनवला. तो पहिला मार्शल. म्हणजे ज्याला आम्ही चार जिने चढवतो त्या घराण्याचा मूळपुरुषच एक नक्कल; तीही बास गिटारसाठी बनवलेल्या ॲम्पची. हे मी एकदा व्हॉल्वकरला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो, पण ती हाताने केलेली नक्कल होती."

आमच्या कंबरेच्या दुखण्याचं मूळही त्याच दुकानात सापडतं. १९६५ साली 'द हू'च्या पीट टाउनसेंडला आणखी मोठा आवाज हवा झाला. मार्शलने शंभर वॉटचा ॲम्प दिला. टाउनसेंडने त्याखाली आठ स्पीकरचं एकच कपाट मागून घेतलं. ते उचलणाऱ्या गड्यांनी कुरकुर केली. मग कपाटाची दोन झाली, चार-चार स्पीकरची, एकावर एक. रॉक संगीताचा सगळा रुबाब ज्या काळ्या भिंतीत आहे, ती भिंत हमालांच्या तक्रारीतून उभी राहिली. व्हॉल्वकर तिचा अर्धाच भाग आणतो, हे त्याचे उपकार.

त्याच १९६५ साली, त्याच लंडनमध्ये, रे डॉल्बी नावाच्या माणसाने आपली कंपनी काढली. कशासाठी, तर रेकॉर्डिंगमधली खरखर कमी करण्यासाठी. एकाच शहरात एक जण आवाज वाढवतोय, दुसरा गोंगाट कमी करतोय. आणि आमच्या महाराष्ट्राने काय केलं? मिरवणुकीत काळीज हलवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला नाव दिलं 'डॉल्बी'. गोंगाट कमी करण्यात हयात गेलेल्या माणसाचं नाव सांगलीपासून साताऱ्यापर्यंत कानठळ्यांना चिकटलं. मार्शलसाहेबांचं नाव इथे कोणी घेत नाही. त्यांच्यावर अन्याय झाला असंच मला वाटतं.

आता आवाजाचा विषय निघालाच आहे तर वॉटचंही सांगून टाकतो, कारण त्यात व्हॉल्वकरचा एक उन्हाळा वाया गेला. पन्नास वॉटचा शंभर केला तर आवाज दुप्पट होतो असं लोकांना वाटतं. तो वाढतो तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. हे उलटंही लागू आहे. शेजाऱ्यांसाठी म्हणून व्हॉल्वकरने पन्नास वॉट बाजूला ठेवून घरात वाजवायला पाच वॉटचा छोटा ॲम्प घेतला. तो आधीच्या निम्मा मोठा निघाला. निम्म्याने कमी म्हणा हवं तर. शेजाऱ्यांनी तसं म्हटलं नाही. गिटारच्या नामांकित स्पीकरला एकच वॉट दिला तरी एक मीटरवर शंभर डेसिबलच्या आसपास आवाज निघतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे पुण्याच्या फ्लॅटमध्ये कायदेशीरपणे व्हॉल्वचा ॲम्प वाजवायचा तर तो तापवावा, त्याच्या लाल उजेडाकडे बघावं आणि बंद करावा. व्हॉल्वकर वर्षातले तीनशे दिवस हेच करतो.

उरलेले दिवस तो व्हॉल्वच्या चिंतेत असतो. अमेरिका-युरोपातल्या मोठ्या कारखान्यांनी ते बनवणं केव्हाच सोडलं. उरलं रशिया, स्लोव्हाकिया, चीन. सोव्हिएत लष्कराने व्हॉल्व उशिरापर्यंत धरून ठेवले होते. १९७६ साली एक वैमानिक मिग-२५ घेऊन जपानला पळून आला, तेव्हा अमेरिकनांनी ते विमान उघडून बघितलं आणि त्यातले व्हॉल्व पाहून चकित झाले. म्हणजे स्वातंत्र्याची गाणी वाजवणारे अमेरिकन गिटारिस्ट पुढे रशियन व्हॉल्ववर जगले. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली आणि किमती भडकल्या. त्या आठवड्यात व्हॉल्वकर रोज रात्री युद्धाच्या बातम्या बघत बसायचा. त्याच्या सासऱ्यांना वाटलं जावई परराष्ट्र धोरणात लक्ष घालू लागला. तो फक्त ईएल-३४ व्हॉल्वचा भाव बघत होता.

डबीकरचं सुखात चाललंय असं मात्र समजू नका. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीची 'पॉड' नावाची लाल वस्तू आली, राजम्याच्या दाण्याच्या आकाराची. अमेरिकेहून परतलेल्या एका मित्राकडून त्याने ती जुनी विकत घेतली, तेव्हापासून त्याची डबी बदलतेच आहे. प्रत्येक नवी डबी आली की आधीची 'प्लास्टिकसारखी वाजायची' हे त्याला कळतं. ती असताना कळत नाही. २०११ साली केम्पर नावाच्या जर्मन यंत्राने नवीच तऱ्हा काढली. खऱ्या ॲम्पला शिट्ट्या, खरखर, कसकसले आवाज ऐकवायचे आणि तो काय उत्तर देतो ते टिपून घ्यायचं. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंसारखं. आता तर हे काम करणारी प्रोग्रामं फुकट मिळतात. जगभरची पोरं आपापले ॲम्प टिपून वाटत सुटली आहेत. डबीकरकडे ते हजारोंनी साठलेत. परिणाम असा, की तो एक सूर वाजवतो, मान वाकडी करतो, "हा नको," म्हणतो आणि पुढचा लावतो. दीड तासात त्याने एक गाणं पूर्ण वाजवलेलं मी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी ऐन साउंडचेकला त्याच्या डबीने अपडेट मागितलं आणि पंचवीस मिनिटं पडद्यावर एक निळी रेघ हळूहळू उजवीकडे सरकत राहिली. व्हॉल्वकरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाला, "तापतोय."

डबीकरचा हुकमाचा पत्ता आहे मेटॅलिका. डिसेंबर २०१३ मध्ये या बँडने अंटार्क्टिकात, अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला. तिथे आवाज करायचा नाही म्हणून श्रोत्यांनी हेडफोन लावून ऐकलं. आणि ज्यांच्या नावाने लोक ॲम्पच्या भिंती उभारतात तेच पुढे मंचावर डबीतून वाजवू लागले! यावर व्हॉल्वकरचं उत्तर ठरलेलं आहे: "पेंग्विनला टोन काय कळतो?"

खरं सांगायचं तर दोघे बोलतायत वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. रेकॉर्डवर आपण जो ॲम्प ऐकतो तो ॲम्पसमोर उभं राहून ऐकलेला नसतोच. स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवलेला एक माइक असतो, बहुतेक वेळा शुअरचा एसएम ५७, तोही १९६५चाच. त्या माइकने जे ऐकलं ते आपण ऐकतो. डबी नक्कल करते ती या सगळ्या वरातीची: ॲम्प, कपाट, माइक. कपाटाची नक्कल कशी करतात? देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवा आणि तिचा घुमारा नीट टिपून घ्या. मग घरात म्हटलेलं कुठलंही स्तोत्र त्या घुमाऱ्यात बसवता येतं. डबीत अशा कपाटांच्या टाळ्या भरलेल्या असतात. म्हणजे एकाला गाभाऱ्यात उभं राहायचंय आणि दुसऱ्याला तीच आरती रेडिओवर ऐकायची आहे. हे मी दोघांनाही समजावलं. दोघांनीही मान डोलवली आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

माझ्या मनात मात्र तिसराच टोन आहे. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला ॲम्प होता तो मंडपवाल्याचा. सकाळी त्याच्यावर कोणाकडे तरी सत्यनारायणाची कथा झालेली. मूठभर हळदकुंकू त्याच्या वरच्या जाळीत तसंच. त्यात गिटारची वायर खुपसली की कर्ण्यातून जो आवाज निघायचा, त्याला डिस्टॉर्शन म्हणणं हा डिस्टॉर्शनचा सन्मान होता. पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा आवाज! मधूनच आकाशवाणीही लागायची. आम्ही त्या आवाजात तीन गाणी वाजवली, मागे बसलेल्या मुली हसल्या, आणि आम्हाला वाटलं त्या खूश झाल्या. डबीकरच्या हजारो ॲम्पांत तो एक नाही. कोणी टिपलाच नाही.

असो. शेवटी गेल्या महिन्यात मी म्हटलं, एकदाचा निकाल लावू. दिवाणखान्यात अंतरपाट धरला. घरात खरा अंतरपाट कुठून असणार, पलंगपोस होता. मुलाने आणि त्याच्या मित्राने दोन टोकं धरली. मागे व्हॉल्वकरचा ॲम्प आणि डबीकरची डबी, तिला जोडलेला तिचा स्पीकर, दोन्ही शेजारी शेजारी फरशीवर. गिटार एक, वाजवणारा मी एक, तुकडा एकच. फोनवरच्या मीटरने दोन्ही आवाज सारखे केले. दोघे परीक्षक सोफ्यावर, हातात वही. दहा फेऱ्या. पोरांनी मध्येच मंगलाष्टकं म्हणायला घेतली, ती बंद केली.

व्हॉल्वकर डोळे मिटून, बोटं हवेत हलवत ऐकत होता. चौथ्या फेरीला त्याच्या अंगावर काटा आला. त्याने हात पुढे करून दाखवला. चौथ्या फेरीला डबी होती. पण ही गोष्ट त्याची फजिती सांगण्यासाठी नाही, कारण डबीकरनेही दोनदा आपल्याच डबीला "हा घ्या तुमचा म्हातारा" म्हटलं. निकाल: व्हॉल्वकर दहापैकी पाच, डबीकर दहापैकी पाच. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते, आणि नाण्याने मधे चहा मागितला नसता.

मी पलंगपोस घडी करायला घेतला तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "पहिला, तिसरा, पाचवा, सहावा आणि नववा व्हॉल्वचा होता."

वही पाहिली. पाचही बरोबर.

"कसं ओळखलंस?" डबीकरने विचारलं. तो उठून थेट स्वयंपाकघरात गेला होता.

"त्यात काय ओळखायचंय! त्या पाच वेळेला मांडणीवरची भांडी वाजली. फुलपात्र तर पुढे सरकत येतं, मी तीनदा मागे ढकललं."

तिचं खरं होतं. फोनचं मीटर वरच्या आवाजाला कान देतं. कपाटाच्या पोटातला घुमा त्याला फारसा कळत नाही. तो फरशीतून चालत जातो, भिंतीत शिरतो आणि आमच्याकडे तो फुलपात्रापाशी निघतो. व्हॉल्वकर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्या फुलपात्राकडे असा बघत होता की मला वाटलं आता नमस्कार करणार. "हाच तो फील," तो म्हणाला. "वहिनी, हाच!" डबीकर म्हणाला, असं असेल तर पुढच्या अपडेटमध्ये भांडीही येतील.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. आम्ही तिघं शाळकरी पोरांसारखे ओळीत उभे राहिलो. रविवारची दुपार, पंचावन्न डेसिबल, सगळं मनातल्या मनात पाठ करून झालं. काका आत आले, कपाटाकडे बघितलं, डबीकडे बघितलं.

"माझा पंखा मधूनमधून थरथरत होता," ते म्हणाले. "सारखा नाही. मधूनमधून. तेव्हा कोणता चालू होता?"

व्हॉल्वकरने गुन्हा कबूल केल्यासारखं बोट दाखवलं. काका खुर्ची ओढून बसले. आणि मग पाऊण तास ते बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. पहाटे साडेपाचला त्यांच्या घरातून जो तानपुरा ऐकू येतो तो डबीतला. बासरी वाजवणारे एक इंजिनिअर, बेंगळुरूचे राज नारायण, यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला तेव्हापासून आपल्याकडेही हेच भांडण चालू आहे, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांकडे मिरजेचा जोडही आहे, वडिलांच्या वेळचा. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांनी स्वतःला पद्मश्री मिळाल्यासारखं सांगितलं. पण जोड काढायचा, लावायचा, तारेखाली दोरा सरकवत जवारी जुळवायची, यात पहाट संपते आणि गायचं राहून जातं. म्हणून डबी.

"आणि जवारी म्हणजे तरी काय हो?" काका पुढे झुकले. "तार घोडीला घासते, झिणझिणते. म्हटलं तर खोटच ती. पण ती खोट काढली तर तानपुरा मेला."

व्हॉल्वकरने डबीकरकडे बघितलं. डबीकरने व्हॉल्वकरकडे बघितलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दोघांना एकदम एकच माणूस आपल्या बाजूचा वाटला.

"मग काका, खरं कोणतं चांगलं?" मुलाने विचारलं.

"तेच तर मला बघायचंय," काका म्हणाले आणि पलंगपोसाकडे बोट केलं. "हे पुन्हा धरायचं का, पुढच्या रविवारी? मी दोन्ही घेऊन येतो. तानपुरे आणि डबी. लिफ्ट असेल ना चालू?"

आम्ही असेल म्हणालो. काका जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला, "वहिनी, तुम्ही घरी आहात ना रविवारी?"

"आहे की," ती म्हणाली. "पण तानपुऱ्याला भांडी वाजतील का? फुलपात्र पितळेचं ठेवते मग."